मानकरणीची गाडी

लाइलने गाडीचा कार्ब्युरेटर थेट स्वयंपाकघरातल्या टेबलावर आणून ठेवला. त्याखाली वर्तमानपत्र सरकवलं, तेही बायकोने, नॅडीनने, डोळे वटारल्यावर.

"कणसं कुठे ठेवू मी आता? तुझ्या डोक्यावर?"

"जरा थांब ना."

"जूनपासून थांबलेय."

खोटं नव्हतं ते. तीन वर्षांपूर्वी लाइलने आपल्या जुन्या, लाल, उघड्या गाडीत बाहेरून मागवलेला कॅमशाफ्ट बसवला होता. इंजिनातल्या झडपा उघडायच्या-मिटवायच्या हे त्याचं काम. कंपनीचा काढून असा दांडगा बसवला की मोकळ्या रस्त्यावर गाडी सुसाट सुटते, आणि उभी असताना छाती दणाणेल असा ठेका धरते. त्या ठेक्यापायी अमेरिकेतल्या या इंडियाना राज्यातले कितीतरी पुरुष बायकांची बोलणी खातात. पण अशा इंजिनाला संथ चालणं सोसत नाही. जरा हळू झालं की आचके द्यायचे आणि बंद पडायचं. गेल्या वर्षी जत्रेच्या मिरवणुकीत गाडी तीनदा बंद पडली आणि मागची बँडवाली पोरं ताटकळली. मागच्या सीटवरचे नगराध्यक्ष शेवटी उतरून पायीच निघाले. लाइलचं गावभर हसं झालं.

यंदा मिरवणुकीची मानकरीण नॅडीन होती. एकतीस वर्षं शाळेची बस चालवून ती मे महिन्यात निवृत्त झाली होती आणि निम्मं गाव कधी ना कधी तिच्या बसमध्ये ओकलं होतं. नवऱ्याच्याच गाडीतून जायचं, असं ती एकदाच म्हणाली. शेजारचा व्हर्न मात्र रोज कुंपणावरून म्हणायचा.

"माझी गाडी ने की. शहाण्यासारखी चालते."

लाइल हसून टाळायचा आणि आत येऊन दातओठ खायचा.

आपलं कुठे चुकतंय ते कळायला त्याला अख्खा उन्हाळा लागला. गाडी बंद पडू नये म्हणून तो कार्ब्युरेटरवरचा, उभ्या गाडीतल्या इंजिनाचा वेग ठरवणारा स्लोचा स्क्रू पिळत राहिला होता. त्याने आतल्या, हवा सोडणाऱ्या पात्या नको तेवढ्या उघड्या राहत, पेट्रोल भलत्याच फटीतून झिरपे आणि इंजिन गुदमरे. म्हणून आता त्याने स्क्रू पार मागे घेतला आणि प्रत्येक पातीला एकेक बारीक भोक पाडायला बसला, म्हणजे पाती मिटलेली असली तरी इंजिनाला हवा मिळेल. भोक जरा मोठं झालं असतं तर पाती भंगारात गेली असती. नॅडीनने कणसं ओट्यावर ठेवली आणि टॉर्च धरून त्याच्याशेजारी उभी राहिली.

संध्याकाळी कार्ब्युरेटर जागेवर बसवून त्याने ठिणगीचं टायमिंग थोडं पुढे घेतलं, गाडी सुरू केली आणि गिअर टाकला. इंजिनाचा वेग उतरला, ते जरा अडखळलं, पण तग धरून राहिलं. दोघं पायी चालल्याच्या वेगाने कोपऱ्यापर्यंत गेली आणि परत आली. नॅडीनने त्याचा खांदा थोपटला. लाइलला इतकं बरं वाटलं की त्याने व्हर्नच्या फाटकासमोर गाडी उगाचच सुरू ठेवली.

मिरवणुकीच्या सकाळी अग्निशमन दलाच्या प्रमुखाने सगळ्या चालकांना बजावलं, की यंदा मिरवणूक कुणासाठीही थांबणार नाही. हे सांगताना तो लाइलकडेच बघत होता.

गाडी गुणी मुलीसारखी चालली. मागच्या सीटच्या पाठीवर नॅडीन झगमगता पट्टा घालून बसली होती, दोन्ही हातांनी चॉकलेटं उधळत होती. फुटपाथवर खुर्ची टाकून बसलेल्या व्हर्नसमोर लाइलने मुद्दाम वेग आणखी कमी केला. व्हर्नने टोपी जरा वर केली. लाइलला आयुष्यात आणखी काही नको होतं.

वृद्धाश्रमाशी आल्यावर मागची चॉकलेटं थांबली. आश्रमात काम करणाऱ्या बायकांनी म्हाताऱ्यांच्या चाकांच्या खुर्च्या रस्त्याकडेला ओळीने आणून लावल्या होत्या. शेवटच्या खुर्चीत नॅडीनची थोरली बहीण अर्लीन होती. फेब्रुवारीपासून ती खोलीबाहेर आली नव्हती. नॅडीन दर रविवारी जायची, भिंतीकडे वळलेल्या तिच्या पाठीशी बोलायची आणि परत यायची. आज अर्लीन केस विंचरून बसली होती आणि रस्त्याकडे बघत होती.

"लाइल," नॅडीन पुढे वाकून म्हणाली, "अर्लीन बाहेर आलीये."

"बघितलं."

गाडी पुढे सरकतच होती. लाइलने आरशात बायकोचा चेहरा पाहिला. मग त्याने किल्ली फिरवली.

इंजिन गप्प झालं. क्षणभराने गर्दीत एकच हशा पिकला. "पडली, पडली," कुणीतरी मागे ओरडून कळवलं. तिकडून व्हर्नची शिट्टी ऐकू आली. बँडची पोरं एकमेकांवर आदळत थांबली. प्रमुख लालबुंद होऊन धावत आला.

"परत? अरे, लाज वाटू दे जरा."

"तो कॅम," लाइल मान हलवत म्हणाला. "नुसती डोकेदुखी आहे बघ."

तो उतरला, बॉनेट उघडलं आणि डोकं आत घातलं. आत सगळं जागच्या जागी होतं. बॉनेटच्या फटीतून त्याला पलीकडचं दिसत होतं. नॅडीन पट्टा सावरत खुर्चीपाशी गुडघे टेकून बसली होती. अर्लीन त्या पट्ट्यावरची अक्षरं बोटाने चाचपत होती आणि काहीतरी बोलत होती, थांबतच नव्हती.

"निदान काय झालंय ते तरी सांग," प्रमुख म्हणाला.

लाइलने एक चांगला घट्ट बसलेला स्क्रू सैल केला.

"फार बिघडलंय," तो आनंदाने म्हणाला.