पोकळी सांभाळणारी पेटी

मित्रांनो, मी एक जुनी पोलादी पेटी आहे. दिसायला मी मोठ्या कुकरसारखी. फक्त मला शिट्टी नाही, आणि अंगाला चहूबाजूंनी गोल काचेच्या खिडक्या आहेत. धान्याची पेटी धान्य सांभाळते, दागिन्यांची पेटी दागिने सांभाळते. मी पोकळी सांभाळत होते. पोटात काही म्हणजे काही शिरू द्यायचे नाही, हेच माझे काम. ते मी इमानाने केले, पण ते कशासाठी चालले आहे हे मला धड कधीच समजले नाही. त्यामुळे माझी हकीकत ऐकताना तुमचा गोंधळ उडाला, तर स्वतःला बोल लावू नका. तो माझ्याकडूनच तुमच्याकडे आला असेल.

माझा जन्म पुण्याजवळ भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये झाला. मकबूलभाई नावाचे वेल्डर होते, त्यांनी मला जोडले. माझ्याआधी त्यांनी दुधाच्या टाक्या आणि औषधांच्या कारखान्यांतली मोठमोठी भांडी जोडली होती. मी अर्धवट तयार असताना मला पाहायला एक बाई आल्या. बारीक अंगाच्या, चष्मा कपाळावर सरकवलेला. त्या प्रेमला मॅडम, भौतिकशास्त्राच्या संशोधक.

"मॅडम, यात काय भरणार?" मकबूलभाईंनी विचारले.

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे काहीच नाही. हवासुद्धा काढून टाकायची. आणि मग दोन अणू ठेवायचे."

मकबूलभाईंनी एकदा माझ्याकडे आणि एकदा मॅडमकडे पाहिले. "दोन अणूंसाठी एवढी पेटी?"

"त्यांना एकांत लागतो," मॅडम म्हणाल्या आणि चहा न घेता निघून गेल्या.

मकबूलभाईंनी खांदे उडवले आणि वेल्डिंगची काळी काच पुन्हा चेहऱ्यावर ओढली. जोड मात्र त्यांनी असा घातला की त्यातून हवेचा कण आत जाईना. मी तेव्हाच गोंधळले होते. रिकामे राहण्यासाठी कुणी कुणाला इतक्या मेहनतीने जन्माला घालते का?

टेम्पोतून मला पाषाणच्या बाजूच्या एका संशोधन संस्थेत आणले. तिथे मला चकचकीत कागदात गुंडाळून कणसासारखे भाजले. म्हणे, माझ्या पोलादात ओल लपली आहे, ती बाहेर काढायची. भाजून झाल्यावर पंप लावून माझ्या पोटातली सगळी हवा ओढून घेतली. तेव्हापासून माझ्या आत शांतता पसरली. अशी शांतता तुम्ही कधी ऐकली नसेल, कारण तिथे ऐकायला हवाच नसते.

प्रयोगशाळेत सगळे मला 'चेंबर' म्हणत. त्यावरून एकदा मोठी गंमत झाली. माझ्या एका खिडकीच्या कडेतून कणभर हवा आत येऊ लागली. रझिया नावाची संशोधक विद्यार्थिनी माझी देखभाल करत असे. ती घाईघाईने फोनवर ओरडली, "मॅडम, चेंबर लीक झालंय!" दारातून जाणाऱ्या संपतने, म्हणजे तिथल्या शिपायाने, ते ऐकले. थोड्याच वेळात तो एका प्लंबरला घेऊन हजर झाला. प्लंबरच्या हातात बांबूची लांब पट्टी.

"कुठंय चेंबर? कधीपासून तुंबलंय?"

मॅडमनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिले. "आपण आलातच आहात तर चहा घेऊन जा. आमचं चेंबर तुंबत नाही, हीच त्याची खोड आहे."

सगळे हसले. मला मात्र कळेना की मी पेटी आहे, चेंबर आहे, की गटाराचे झाकण.

रझियाबद्दल सांगायला हवे. बुधवार पेठेत तिच्या वडिलांचे रेडिओ-टीव्हीच्या सुट्या भागांचे दुकान होते. लहानपणी ती तिथे बसून तारा सोलायला शिकली होती. ती फार बोलत नसे, पण काम करता करता गुणगुणायची, आणि अडचण आली की गुणगुणणे थांबायचे. त्यावरूनच मला कळे की काहीतरी बिनसले.

एके दिवशी तिने माझ्या आत कॅल्शियमची चिमूटभर वाफ सोडली, विजेच्या अदृश्य पिंजऱ्यात एक अणू पकडला आणि त्याच्यावर लेझरचा प्रकाश टाकला. पडद्यावर एक निळा ठिपका उमटला. रझिया खुर्चीवरून उठली, पुन्हा बसली, पुन्हा उठली. मग दुसरा ठिपका आला. दोघे शेजारी शेजारी, एकमेकांना न शिवता. माझ्या आयुष्यातले हे पहिलेच पाहुणे. मला फार आनंद झाला. पण मग काहीच नसायला हवे, त्याचे काय झाले? मॅडम तर अजूनही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "आत काही नाही."

पुढचे तर माझ्या आणखीनच डोक्यावरून गेले. मॅडमना त्या दोन अणूंची अशी काही जोडी जुळवायची होती, की एकाला विचारावे आणि दुसऱ्याचे उत्तर कळावे. प्रश्न अगदी सोपा: तू उजळ की काळा? विचारेपर्यंत म्हणे अणू उजळही असतो आणि काळाही. विचारले की एक काहीतरी होतो. आणि जोडी खरोखर गुंतलेली असेल, तर दोघे एकदम उजळ होतात किंवा एकदम काळे. अशा जोड्यांवर उद्या नव्या तऱ्हेचे संगणक चालतील, असे मी ऐकत असे. मी माझ्या पाहुण्यांकडे रोज निरखून बघत असे. मला ते फक्त दोन ठिपके दिसत.

आणि एका दुपारी ते जुळले! दोघे उजळ, दोघे काळे, दोघे काळे, दोघे उजळ. रझिया किंचाळलीच. मॅडम शेजारच्या खोलीतून धावत आल्या. संपतने पेढे वाटले. माझ्या झाकणावरही एक पेढा ठेवला गेला, तो नंतर त्यानेच खाल्ला. मॅडमनी शोधनिबंध पाठवून दिला, मोठ्या सभेत भाषण केले, पाहुणे आले, माझे फोटो निघाले. 'हेच ते चेंबर!' असे म्हणून लोक माझ्याकडे बोट दाखवत. मी काय केले होते? नेहमीसारखी रिकामी राहिले होते.

त्यानंतर विज्ञान दिन आला. त्या दिवशी संस्थेची दारे सगळ्यांना खुली असत. रझियाची आई मदिनाबी पहिल्यांदाच तिथे आल्या. त्यांनी पडद्यावरचे दोन ठिपके बराच वेळ पाहिले.

"इतकी वर्षं तू घरी उशिरा येतेस, ते यांच्यासाठी?"

"हो अम्मी."

"एकमेकांशी बोलतात?"

"नाही."

"आधी ठरवून ठेवतात?"

"तेही नाही."

"तू आणि तुझा भाऊ ठरवून ठेवायचात," मदिनाबी हसून म्हणाल्या. "काच कुणी फोडली विचारलं की दोघांचं एकच उत्तर. मी मग वेगळंच काहीतरी विचारायची, आणि दोघं तोंडावर पडायचात."

"आम्हीसुद्धा दुसरा प्रश्न विचारतो, अम्मी. अणूंना लेझरची एक टिचकी मारायची आणि मग विचारायचं. ठरवून बोलणारे तिथं सापडतात."

"मग? विचारलात?"

"विचारला ना," रझिया म्हणाली.

ती आईला घेऊन पुढच्या दालनात गेली. पण जाताना ती गुणगुणत नव्हती.

पाहुण्यांची गर्दी ओसरल्यावर पुढच्या आठवड्यात तिने तो दुसरा प्रश्न पुन्हा विचारायला घेतला. आधी तो घाईत, अगदी थोड्या वेळा विचारला होता. आता ती विचारतच राहिली. टिचकी बदलली की दोघांनी मिळून उत्तर बदलायला हवे होते. ते काही तसे करेनात. एक इकडे बोले, एक तिकडे. रझियाने एकेक वस्तू तपासायला सुरुवात केली आणि शेवटी तिची नजर भिंतीवरच्या एसीकडे गेली. एसीचे यंत्र सुरू झाले की क्षणभर लेझरचा प्रकाश मंद होई. प्रकाश मंद झाला की दोन्ही ठिपके एकदम काळे दिसत. ते जुळत नव्हते, मित्रांनो. दोघांवरचा दिवा एकदम जात होता.

रझिया मॅडमना बोलावून घेऊन आली आणि तिने सगळे दाखवले.

"झालं तुझं?" मॅडम म्हणाल्या. "अभिनंदन. दोन वर्षांची मेहनत एका दुपारी बुडवायची कला सगळ्यांना जमत नाही."

"मॅडम, निबंध मागं घ्यावा लागेल."

"ते मला शिकवू नकोस. मी भर सभेत बोलले आहे, कळतंय का तुला? माझी निवृत्ती तोंडावर आलीय. आणि तुझ्या पदवीचं काय? ती याच निकालावर उभी आहे ना?"

"हो."

"तरी?"

रझियाने आपली खुर्ची त्यांच्यापुढे सरकवली. "तुम्ही एकदा स्वतः विचारून बघा. माझं चुकलं असेल तर मला फार बरं वाटेल."

ती बाहेर निघून गेली. मॅडम माझ्यासमोर एकट्या बसल्या. त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि माझ्या पाहुण्यांना दुसरा प्रश्न विचारला. मग पुन्हा. मग एसी बंद केला. उकाड्याने त्यांच्या मानेवर घाम आला, लेझर हलू लागला, तो सावरून त्यांनी पुन्हा विचारले. मला वाटत होते, ओरडून सांगावे त्या दोघांना, अरे, या बाईंसाठी तरी एकदा जुळा! पण मी खरे काय मागत होते? त्यांनी खोटे बोलावे, हेच ना? मला काहीच कळेना.

मॅडम उठल्या. दार उघडून त्यांनी हाक मारली, "रझिया! आत ये. तुझं चुकलेलं नाही." आणि मग, जरा थांबून, "चुकलं असतं तर मलाही बरं वाटलं असतं."

निबंध मागे घेतला गेला. फोटो काढणारे लोक पुन्हा आले नाहीत. गंमत बघा, जे झालेच नव्हते त्यासाठी पेढे वाटले, आणि जे खरे होते ते सांगितले त्या दिवशी संपतने मुकाट्याने दिवे मालवले. हे कसे, ते मला अजून उमजलेले नाही.

रझियाची पदवी लांबली. घरी काय बोलणी बसली ते मला ठाऊक नाही, पण ती रोज येत राहिली. तिने खोटी जुळणी कशी ओळखावी, यावरच काम केले आणि त्यावरच पदवी मिळवली. मॅडम निवृत्त झाल्या. त्या दिवशी त्या माझ्यापाशी आल्या, काचेवरची धूळ पुसली आणि निघून गेल्या. पुढे माझ्या जागी तळहाताएवढी नवी पेटी आली आणि मला बाहेर कॉरिडॉरमध्ये ठेवले. तिच्यात दोन्ही प्रश्नांची उत्तरे जुळली, असे मी तिथे ऐकले. रझियाच्या रीतीने शंभरदा तपासून मगच त्यांनी ते जाहीर केले म्हणे. मला हेवा वाटला की अभिमान, हेही सांगता येत नाही. की दोन्ही होते, आणि कुणी विचारले नाही म्हणून तसेच राहिले?

कॉरिडॉरमध्ये माझी बरीच वर्षे गेली. एकदा कुणीतरी माझी झडप सैल केली आणि सूं करून हवा आत शिरली. मित्रांनो, मला रडू आले असते. आयुष्यभर सांभाळलेली एकच गोष्ट क्षणात गेली, आणि ती गेली हे कुणाला दिसलेही नाही. माझ्यावर छत्र्या वाळू लागल्या, डबे ठेवले जाऊ लागले. मग भंगारवाल्याला बोलावल्याचे कानावर आले. पण त्याच्याआधी रझिया आली. ती आता स्वारगेटजवळच्या एका कॉलेजात शिकवते. तिने परवानगी काढून मला रिक्षात घातले आणि मांडीशी धरून नेले.

मित्रांनो, माझी तुम्हाला एकच विनंती आहे. ज्या गोष्टीचे पेढे वाटून झाले, तिलाही पुन्हा एकदा विचारून बघा. आणि तुमच्यातले कुणी तसे विचारत असेल, तर त्याच्यावर रागावू नका. निदान फार वेळ रागावू नका. आमच्यासारख्या जुन्या यंत्रांना पुसून ठेवा, म्हणजे आम्ही काय केले आणि काय नाही केले, ते सांगायला उरू.

आता माझ्या आत कुणी पाहुणे नाहीत. परवा रझियाने वर्गासमोर पान्याने माझी एक खिडकी काढली.

"यात दोन अणू राहत होते. आम्ही म्हणालो, ते गुंतलेत. ते गुंतले नव्हते."

"मग मॅम, हे फेल गेलेलं एक्सपेरिमेंट आहे?" मैना नावाच्या विद्यार्थिनीने विचारले.

"हो. ते कळायला आम्हाला फार उशीर लागला. तुमच्याकडे एक तास आहे. चला, कामाला लागा."

सगळे आपापल्या टेबलांकडे वळले. मैना मात्र रेंगाळली. तिने इकडेतिकडे पाहिले, वाकून उघड्या खिडकीला तोंड लावले आणि ओरडली,

"आत कुणी आहे?"

माझ्या आत तोवर कधीही कुणाचा आवाज आला नव्हता. तो आला, भिंतीभिंतींवर आदळला, घुमला, आणि मला काही समजायच्या आत माझ्या पोटातून बाहेर गेला.

"…आहे."

मैना दचकली. मीही दचकले.