बिल्ल्यामागची भोकं

लोक जुनी सायकल घेऊन येतात आणि पुढचा बिल्ला मला वाचून दाखवतात. अहो, वाचता मलाही येतं! पूर्वी मोठी दुकानं कारखान्यांकडून सायकली घ्यायची आणि त्यांवर स्वतःचं नाव ठोकायची. नाव दुकानाचं, हाडं कारखान्याची. ती हाडं ओळखायची, हा माझा धंदा.

त्या दिवशी शेजारच्या मावशी काकांची सायकल ढकलत आल्या. मागून काका, तोंडाला कुलूप लावून.

"ही मी कारखान्यात स्वतः जोडलीय, असं हे लग्नाआधीपासून सांगतात," मावशी म्हणाल्या. "आणि बिल्ला बघ कुणाचा! छत्र्या-पातेली विकणाऱ्या दुकानाचा. माझ्या भावाने तेव्हाच यांना थापाड्या ठरवलं. मीही म्हणत आले. पण काल नात तोंडावर म्हणाली, 'थापाडे आजोबा', आणि हे भरल्या ताटावरून उठले. एकदाचा सोक्षमोक्ष लाव गं."

मला रागच आला. अख्खा संसार झाला आणि खात्री करायला आता आल्या! पण म्हटलं, आधी काम.

सायकल उलटी केली, तळाचा नंबर घासून काढला. काका इतकी वर्षं सांगत आले त्याच कारखान्याची, त्याच्या स्वतःच्याच नावाचा बिल्ला असलेली एक सायकल माझ्या भिंतीवर टांगलेली आहे. दोन्हींचे आकडे एकाच ठशाचे. नळ्या जुळतात तिथली नक्षीही तशीच टोकदार.

"मावशी, या सख्ख्या बहिणी आहेत. हिचं फक्त आडनाव बदललंय."

मावशींनी स्टूल पुढे ओढलं. "म्हणजे कारखाना खरा. पण ही यांनीच जोडली कशावरून?"

"बिल्ला काढून बघते. जोडणाऱ्या हाताची खूण कधीकधी मागे राहते."

"तो नको काढूस," काका पहिल्यांदाच बोलले.

नको म्हटलं की माझे हात शिवशिवतात. स्क्रू काढले. बिल्ल्याची दोन भोकं नळीत एकाखाली एक होती. आणि त्यांच्या मधोमध, शेजारी शेजारी, आणखी दोन, पितळेने बुजवलेली. भिंतीवरच्या सायकलीचा बिल्ला असाच आडवा बसतो.

काकांचे कान लाल झाले. "हाताला सवय आडव्याची. दुकानाच्या मालाला उभी भोकं पाडायची होती, मी आडवी पाडली. मुकादम सगळ्यांसमोर ओरडला आणि सायकल माझ्याच गळ्यात मारली."

"मग हे सांगायला काय झालं होतं?" मावशींचा आवाज चढला, पण डोळे भरले. "मी इतकी वर्षं काय काय बोलले तुम्हाला!"

"थापाड्या म्हणताना तू हसायचीस," काका म्हणाले. "वेंधळा म्हणतानाही हसली असतीस का, माहीत नव्हतं. काल नात मात्र हसत नव्हती."

मी उगाचच पाने शोधायला लागले. मावशींनी पदराने डोळे पुसले आणि बिल्ला पर्समध्ये टाकला.

"हा परत लावू नकोस," त्या मला म्हणाल्या. "नातीला भोकं दाखवायचीत."

मग काकांकडे वळल्या. "चला, वेंधळोबा!"

म्हणाल्या आणि हसल्याच की!