माझ्या डिंकाचा प्रसाद

मित्रांनो, ग्वाल्हेरच्या माधवगंजात, एका लहानशा देवळाच्या अंगणातला म्हातारा कडुलिंब मी. पन्नास वर्षं माझ्या सावलीत कीर्तनं झाली. टाळ वाजले की माझी पानंसुद्धा ठेका धरायची, खोटं नाही सांगत.

चार वर्षांपूर्वी रामनवमीच्या मांडवाच्या आड येते म्हणून माझी एक फांदी तोडली. उघडी जखम म्हणजे बुरशीला आयतं दार. आम्हाला पळता येत नाही, वैद्य गाठता येत नाही. मग आम्ही लाकडातल्या बारीक नळ्या बुजवतो, जखमेमागे कडू रसांची भिंत घालतो, वरून डिंक ओततो. बुरशीला आतच कोंडायचं आणि बाहेरून नवं लाकूड वाढवायचं. माझं तेच चाललं होतं.

एका संध्याकाळी कीर्तनात बुवांचं करुण आख्यान रंगलं होतं. देवळाची व्यवस्था बघणाऱ्या नानांना माझ्या डिंकाचे थेंब दिसले.

"अरे देखो, देखो! कडुलिंब रडतोय! काय भक्ती आहे!"

झालं. रोज आरतीनंतर रांग लागायची. लोक डिंक खरवडून प्रसाद म्हणून घरी न्यायचे. तो पुरेना, तेव्हा नानांनी सुताराच्या पटाशीने माझी साल सोलली.

समोरच्या सुधाताईंनी जन्मभर शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवलेलं. त्या आडव्या आल्या.

"नाना, ती त्याची खपली आहे. तुमच्या गुडघ्याची खपली रोज कुणी काढली तर?"

"ताई, तुम्ही पण ना! देवाच्या दारात सायन्स नका आणू."

"आणि पटाशी चालते?"

सगळे हसले. नानाही हसले. दुसऱ्या दिवशी पटाशी पुन्हा चालली.

माझी भिंत फुटली, बुरशी ताज्या लाकडात शिरली. मी मागे सरकून दुसरी भिंत घातली. तीही फुटली. यंदा बुंध्यावर बुरशीच्या कानासारख्या छत्र्याच छत्र्या उगवल्या आणि डिंक आटला. नाना म्हणाले, "कलियुग! झाडाची पण भक्ती संपली."

मित्रांनो, हे ऐकून मी आतून जितका कुजलो, तितका बुरशीने नाही कुजलो.

श्रोत्यांवर कोसळेन म्हणून सोमवारी मला तोडणार आहेत. भीती खरी आहे. माझ्या जागी लावायला नानांनी नवं रोप आणलंय. काल मोठ्या प्रेमाने त्याला पाणी घालून ते सुधाताईंना विचारत होते, "ताई, हे किती वर्षांनी रडायला लागेल हो?"

ते रोप तुमच्या स्वाधीन करतो, मित्रांनो. त्याला कधी डिंक आला, तर लांबूनच हात जोडा.