मोटारीतली रडणारी बाई

मखमलाबादच्या चिमाजींच्या अंगणात त्या शनिवारी चाळीसेक माणसं एका मोटारीच्या दर्शनाला जमली होती. मोटार निळी, अठरा वर्षांची, मागची सीट काढून टाकलेली. तिथे रोज झेंडूचे क्रेट बसत. आज तिच्या टपावर नारळ होता आणि उघड्या बॉनेटखाली, इंजिनाच्या कडेला, उदबत्त्यांचा अख्खा पुडा जळत होता. पेट्रोलच्या इतक्या जवळ उदबत्ती लावायला श्रद्धाच लागते, असं प्रतिभाच्या मनात आलं. ती या घरची सून, आणि जिच्यामुळे गाडीला बाधा झाली असं सगळे म्हणत होते ती तीच.

गेला महिनाभर गाडी रडत होती. नवरा रोहित सिन्नरच्या कारखान्यात पहिल्या पाळीला, म्हणून फुलबाजारात माल न्यायचं काम प्रतिभाचं. दिवस उजाडायच्या आत ती निघाली की बॉनेटखालून एखाद्या बाईने गळा काढावा तसा आवाज यायचा. सासरे चिमाजी दुपारी तीच गाडी खतं आणायला न्यायचे, तेव्हा मात्र चूं की चां नाही. प्रतिभाने मेकॅनिक सुचवला. सासूबाई नवसाबाईंनी मोतीराम महाराज आणला.

महाराजांच्या पाटीवर लिहिलं होतं: 'वाहनबाधा, ट्रॅक्टरबाधा, पाण्याच्या पंपावरील करणी. इलेक्ट्रिक गाड्या पाहिल्या जाणार नाहीत.'

"मालक, बसा. लावा गाडी," महाराज म्हणाले. चिमाजींनी किल्ली फिरवली. इंजिन गुमान चालू झालं. महाराजांनी गर्दीकडे विजयी मुद्रेने पाहिलं. "आता सूनबाई."

प्रतिभा बसली. गाडी शांतच. महाराजांनी डोळे मिटले, चिमटा आपटला आणि गरजले, "आतल्या जिवाला उजेड दाखव! गाडीचे डोळे उघड!"

म्हणजे हेडलाइट. तिने बटण फिरवलं आणि गाडीने टाहो फोडला.

"आगं बया! बाई रडतीया!" शेजारच्या गोजराबाई दोन पावलं मागे सरल्या.

"मोटारीचा करगोटा सैल पडलाय," महाराजांनी निदान केलं. "सुनेच्या पायगुणानं." मग इंजिन बंद करायला लावून त्यांनी विभूतीची पांढरी वडी काढली आणि मंत्र पुटपुटत इंजिनाच्या पट्ट्यावर चोळली. पुन्हा गाडी लावली, दिवे लावले. आवाज गायब! अंगणात जयजयकार झाला. प्रतिभाला तेवढ्यात लिंबाचा वास आला. मोरीवरच्या भांडी घासायच्या साबणाचा येतो तोच.

"अकरा शनिवार सुनेनं गाडीला हात लावायचा न्हाय," महाराजांनी निकाल दिला. "दर शनिवारी मी येणार. बाराव्याला बघू."

नवसाबाईंनी किल्ली पदराच्या गाठीत बांधली. त्या आठवड्यात गोजराबाईंनी सगळ्या गल्लीला हळदीकुंकवाला बोलावलं, एक प्रतिभा सोडून. गाडी गेल्याचं तिला फार वाईट वाटलं होतंच. आता तिच्या लक्षात आलं की अकरा शनिवारांनंतर गाडी परत मिळाली, तरी नाव काही परत मिळायचं नाही.

गुरुवारी चिमाजी बाजारातून आले ते थेट स्वयंपाकघराच्या दाराशी. "पोरी, कुणाला बोलू नको," ते हळूच म्हणाले. "आज पहाटं माझ्यावर बी रडली."

"दादा, दिवे लावले होते?"

"अंधारात का चाचपडत जाऊ?"

प्रतिभा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे वळली. मेकॅनिकला सांगता यावं म्हणून आवाज झाला त्या तारखेवर ती पेन्सिलीने फुली करायची. फुल्या सगळ्या पहाटेच्या. एक मात्र रात्रीची: सिन्नरच्या लग्नाहून परतताना गाडी रोहित चालवत होता. आणि चांदवडला साखरपुड्याला भर दुपारी ती स्वतः गाडी घेऊन गेली होती, त्या तारखेवर फुली नव्हती. माणसं बदलत होती. न बदलणारी गोष्ट एकच होती.

तरीही हा अंदाजच होता. पडताळून पाहायला किल्ली हवी, आणि किल्ली पदरात.

शनिवारी महाराज पुन्हा आले. गर्दी वाढली होती. प्रतिभा पुढे झाली. "महाराज, बाधा माझी आहे ना? मग मी गाडीपासून दहा हात लांब उभी राहते. आईंना बसू द्या."

"मला?" नवसाबाई दचकल्या. "मला गाडी कुठं येती?"

"चालवायची नाही, आई. फक्त किल्ली फिरवायची."

इंजिन चालू झालं. शांत. प्रतिभाने सांगितलं, "आता ते बटण फिरवा."

गाडी किंचाळली. नवसाबाईंनी चटका बसावा तसा हात मागे घेतला. "म्या काय केलं गं?"

"काही नाही. दिवे बंद करा."

शांतता. लावले, किंकाळी. बंद केले, शांतता. चौथ्या वेळी नवसाबाईंनी कुणी न सांगता बटण फिरवलं.

"सासूला सुनेचा वारा लागलाय!" महाराज ओरडले.

"मग तुम्हीच बसा. तुम्हाला तर वारा लागत नाही."

"मी? दिवसाढवळ्या दिवे कशाला लावायचे?"

"मागच्या शनिवारी कशाला लावले होते?" गर्दीतून कुणीतरी विचारलं, आणि पहिलं हसू फुटलं.

प्रतिभाने इंजिन बंद करायला सांगितलं, पुढे होऊन बॉनेट उघडलं आणि पट्ट्यावर अंगठा दाबला. तो बराच आत गेला. "हा तुमचा करगोटा. इंजिन या पट्ट्याने वीज करणारं यंत्र फिरवतं. दिवे लावले की जास्त वीज लागते, यंत्र फिरवायला जड जातं आणि सैल पट्टा चाकावरून घसरतो. विहिरीच्या कप्पीवर भरलेल्या बादलीचा दोर घसरून करकरतो ना, तसंच. साबण चोळला की चार दिवस गप्प." तिने गाडीतला पाना उचलला आणि एक नट फिरवायला घेतला.

"ओ ताई, तो नको!" महाराज न राहवून ओरडले. "आधी खालचा अल्टरनेटरचा बोल्ट ढिला करा, नायतर ताण बसायचा नाय!"

मग चिमाजींनी अगदी नम्रपणे विचारलं, "महाराज, हा मंत्र कुठल्या गुरूकडनं घेतला?"

"द्वारकेला… चौकातल्या गॅरेजात होतो सात वर्षं," महाराज पुटपुटले. त्यानंतरचं हसू गल्लीच्या टोकाला ऐकू गेलं. प्रतिभाने त्यांच्या सल्ल्याप्रमाणेच आधी खालचा बोल्ट ढिला केला. सल्ला बरोबर होता. पट्टा ताणला, बोल्ट आवळले, नवसाबाईंनी दिवे लावले. गाडी नुसती घुरघुरली. रडणारी बाई पाव वळशात निघून गेली होती.

"काय असेल ते असो," गोजराबाई जाता जाता म्हणाल्या, "आमची म्हैस मात्र आमची सून आल्यापासूनच आटली."

"म्हशीचं खाणं कधी बदललंस?" नवसाबाईंनी विचारलं.

"त्याच… त्याच आठवड्यात."

"मग आधी खाणं बदलून बघ. सून तशीच राहू दे. दोन्ही एकदम बदललंस तर कळणार कसं, काय चुकत होतं ते?" कॉलेजात सहा महिने शिकवूनही कित्येकांना जे उमजत नाही, ते नवसाबाईंना एका बटणाने उमजलं होतं. कुणाकडे बोट दाखवण्याआधी आपण सगळ्यांनीच एवढं केलं, तर किती सुना सुखाने नांदतील!

मग त्यांनी पदराची गाठ सोडायला घेतली आणि थांबल्या. किल्ली गाडीलाच होती.

"असू दे तिथंच," त्या सुनेला म्हणाल्या. "पहाटं तुलाच लागणार हाय."