महारोगाचा दाखला

जालन्यात रोग्यांची वाटणी फार पूर्वीच झाली होती. फोड आला की तो चिरणारा जर्राह, हाड मोडलं की हाडवैद्य, दृष्टी अधू झाली की स्टेशनाबाहेर चष्मे विकणारा. आणि ज्याचं कोणालाच काही समजत नाही त्याला देवी नाहीतर दर्गा. माणूस असा तुकड्यातुकड्यांनी वाटला गेल्यावर अख्ख्या माणसाकडे पाहायला कोणी शिल्लक नव्हतं. ती जागा रिकामी आहे असं डॉक्टर जगन्नाथ यांना वाटलं, आणि त्यांनी नव्या जालन्यात दवाखाना उघडला. ते कापत नसत, शिवत नसत. शरीराच्या आतल्या रोगांचा अभ्यास करून ते आले होते, आणि त्यांचं मुख्य हत्यार प्रश्न हे होतं. लोकांनी त्यांचं नाव ‘इचारणारा डाक्टर’ असं ठेवलं. त्यात कौतुक नव्हतं.

फसली १३५२च्या, म्हणजे १९४३च्या, उन्हाळ्यात वडीगोद्रीचा भुजंग नावाचा शेतकरी त्यांच्याकडे आला. तो आजारी नव्हता. त्याला दाखला हवा होता.

“बायकोला महारोग झालाय, साहेब. तेवढं लिहून द्या, जल्दी. उन्हाच्या आत परत निघायचंय.”

“दाखला कशाला?”

“रानात खोप बांधलीय. येत्या अवसेला तिला तिथं ठेवायची. बिगर कागदाची ठेवली तं तिचे भाऊ भांडाय येतील. पाटील म्हणतेत, कागद बराबर पाहिजे.”

“रोगी कुठे आहे?”

“भाईर, गाडीत.”

“आत आणा.”

“तिला कशाला? मी सांगून राह्यलो ना सगळं!”

बाईचा आजार पुरुषानं सांगायचा, ही त्या मुलखाची रीत. या रीतीला शास्त्राचा आधार नव्हता. पण ज्या रीतीचा त्रास फक्त बायकांना होतो, तिला तो लागतही नाही. डॉक्टरांनी टाक खाली ठेवला. अखेर भुजंग उठला.

द्वारकाबाई आत आली. वय चाळिशीच्या आतबाहेर, चेहरा पिठासारखा पांढुरका. उजवा हात मनगटातून खाली लोंबत होता. डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला सांगितले आणि त्या हातावर कापूस फिरवला.

“काय लागलं?”

“मऊ... कापूस.”

“आता?”

“गार पाणी.”

“आता?”

“अगं आई गं! सुई हाय ती!”

डॉक्टरांना आनंद झाला. सुई टोचून आनंद होणारा माणूस भुजंगानं प्रथमच पाहिला.

“महारोगात कातडी बधिर होते. हिची जागी आहे. हा महारोग नाही.”

“मंग हात का लोंबून राह्यला?”

“ते मला अजून माहीत नाही.”

हे वाक्यही भुजंगाला नवीन होतं. गावच्या भगताला तर सगळंच माहीत असे.

डॉक्टर विचारत गेले. पोट दुखतं का? दुखतं, पिळा पडल्यासारखं, तीन महिने झाले. शौचाला? चार-चार दिवस न्हाई. काल काय खाल्लं?

“भाकर, चिंचेचं सार,” भुजंग म्हणाला. “समद्यांनी खाल्लं तेच.”

“तुम्हाला नाही विचारलं.”

द्वारकाबाईनं आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे. या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे कोणी कधी मागितलं नव्हतं.

“उरलेलं,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“समद्यांचं झाल्यावर पातेल्यात जे ऱ्हातं ते. रातचं सार सकाळी खाती. खरवडून. टाकलं तं सासूबाई बोलतेत.”

डॉक्टरांनी तिला चूळ भरून मिश्री धुवायला लावली. काळेपण गेलं, आणि दातांच्या कडेनं हिरडीवर निळी रेघ दिसली, टाकानं ओढावी इतकी बारीक.

“पातेलं कसलं? कल्हई कधी केली?”

“पितळंचं. संक्रांतीच्या अगुदर केल्ती. गाडीतच हाय, वाटंच्या जेवणाला घेतलंय.”

पातेलं आलं. डॉक्टरांनी चाकूनं आतल्या कल्हईचा कपटा काढला आणि कोऱ्या कागदावर ओढला. शिसपेन्सिलीसारखी काळसर रेघ उमटली.

“शुद्ध कथील असं लिहीत नाही. हे शिसं आहे. कथील मलायातून येतं. गेल्या साली जपान्यांनी मलाया घेतला, कथील महागलं, आणि कल्हईवाल्यानं त्यात शिसं घातलं. आंबट सार रात्रभर त्यात राहिलं की शिसं उतरतं. ते पोट पिळतं, रक्त आटवतं, मनगट पाडतं.”

साम्राज्यांच्या लढाईत वडीगोद्रीतून कोणी उतरलं असेल, तर ते असं.

भुजंग हसला. “आम्ही आठ माणसं त्याच पातेल्यातलं खातो. बाकी कोणाला काय झालंय?”

“तुम्ही ताजं खाता. शिळं एकटीच्या वाट्याला येतं.”

त्या घरातली विषाची वाटणी अत्यंत काटेकोर होती. भलत्या ताटात थेंबभरही सांडलं नव्हतं.

“औषध काय मंग?”

“सार मातीच्या गाडग्यात करा. हिनं ताजं जेवायचं, तुमच्याबरोबर. सहा महिन्यांत हात उचलेल.”

भुजंगाचं हसू विरलं. “बरोबर? सून? माझी आई साळूबाई, तुम्हाला म्हाईत न्हाई. लग्नातलं पातेलं उचलून गाडगी मांडायची, अन् सून पंगतीत! गाव काय म्हणंल?” मग तो अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, “त्यापरीस महारोग सोपा होता, साहेब.”

डॉक्टरांनी पुष्कळ ग्रंथ वाचले होते. या वाक्यावर उतारा त्यांना एकाही ग्रंथात आठवला नाही.

तेवढ्यात द्वारकाबाईनं विचारलं, “खोपीत चूल न्यारी असंल ना?”

“न्यारीच की,” भुजंग म्हणाला. “पीठमीठ पोचवू.”

“मंग मी जाते खोपीत. गाडगं द्या एक. माझं मी ताजं करीन, डाव्या हातानं.”

“बाई,” डॉक्टर म्हणाले, “लोक तुम्हाला महारोगी म्हणतील.”

“आत्ता काय म्हणतेत? लक्ष्मी?”

डॉक्टरांनी टाक उचलला. त्यांच्या विद्येचं काम रोग ओळखण्यापाशी संपलं होतं. उपचार रोग्यानंच शोधला होता, आणि तो बिनचूक होता. त्यांनी मराठीत, ठळक अक्षरांत लिहिलं की या बाईस महारोग नाही. भुजंगानं हात पुढे केला.

“माझ्याजवळ द्या,” द्वारकाबाई म्हणाली.

“तुला वाचता येतं का?”

“तुम्हाला येतं?”

खोप बांधलेलीच होती आणि बायको आपण होऊन निघाली होती, त्यामुळे भुजंगानं वाद वाढवला नाही. तिचे भाऊ आले तेव्हा तिनंच त्यांना परत पाठवलं, आणि भांडणच नाही म्हणून पाटलानंही कागद मागितला नाही. पावसाळाभर गाव त्या खोपीला वळसा घालून जात होतं. कोणी जवळ येईना, म्हणून कोणी शिळंही आणून देईना.

दिवाळीच्या सुमारास उजव्या हातानं भाकरी थापता येऊ लागली. तेव्हा ती पाटलाकडे गेली. पाटलानं चावडीत, सगळ्यांदेखत कागद वाचला.

“अगं, हा तं उन्हाळ्यातला हाय! तवाच का न्हाई दाखवला?”

“तवा दाखवला असता तं घरीच ऱ्हावं लागलं असतं,” ती म्हणाली.

पाटलाला याचा अर्थ लागला नाही. ती घरी गेली. साळूबाई दारात आडवी उभी होती. चावडीतलं तिच्याही कानावर आलं होतं. ती बाजूला झाली. संध्याकाळी द्वारकाबाई स्वतःचं गाडगं आणि ताट घेऊन सगळ्यांबरोबर जेवायला बसली. भुजंगानं आईकडे पाहिलं, आईनं भिंतीकडे. पण उठून कोणी गेलं नाही. तिच्याजवळून उठावं असं तिला काही झालेलं नाही, हे आता अख्ख्या गावानं ऐकलं होतं.