हॉटेलच्या जागेचा नकाशा

मी एक जुना नकाशा आहे. एका हॉटेलात, सोनेरी चौकटीत टांगलेला. पाहुणे माझ्यापुढे उभे राहून फोटो काढतात आणि मला स्वतःचीच किळस येते.

मित्रांनो, माझा जन्म नकाशांच्या कचेरीत झाला. नकाशे काढणाऱ्या ताईंनी नव्या हॉटेलसाठी सगळे शहर पालथे घातले. मग पारदर्शक कागदांवर एकेक गोष्ट उतरवली. एकावर रस्ते, एकावर पाणी, एकावर चढउतार आणि एकावर कचरा डेपो, त्याची घाण जिथवर येते तिथवरच्या तांबड्या पट्ट्यासकट. हे सारे कागद माझ्यावर ठेवले की जी जागा मोकळी उरेल, ती हॉटेलला योग्य. अशी जागा टेकडीपाशी निघाली. मला केवढा अभिमान वाटला!

हॉटेलच्या मालकांचे तोंड मात्र उतरले. त्यांच्या मेव्हण्याची जमीन तांबड्या पट्ट्यात होती.

"हा डेपोचा कागद काढा बघू," ते म्हणाले.

"अहो, पण वास?" ताईंनी विचारले.

"वास कागदावर येतो का?"

त्यांनी स्वतःच तो कागद चिमटीत धरून बाजूला टाकला. झाली मेव्हण्याची जमीन योग्य! सगळे हसले, चहा आला. मला त्या हसण्याची शिसारी आली.

हॉटेल उभे राहिले. पाहुणे नाकाला रुमाल लावून आले आणि सामान बांधून पळाले. आता तरी यांचे डोळे उघडतील, असे मला वाटले. कसचे काय! मालक पुन्हा कचेरीत हजर.

"डेपोच हलवू. ताई, कारखान्यामागच्या वस्तीत दाखवा जागा. तिथे कोण ओरडणार?"

"तिथे माझी आई राहते."

"मग बरंच झालं. घरचंच माणूस!"

ताईंनी पेन्सिल खाली ठेवली ती ठेवलीच. त्यांच्या जागी आलेल्या गृहस्थांनी हसतहसत डेपो वस्तीत नेऊन ठेवला. मला चौकटीत घालून इथे टांगले. हॉटेल आता भरलेले असते.

परवा ताई मालकांना भेटायला आल्या होत्या. "आई खिडक्या लावून जेवते हो, एवढ्या उकाड्यात," म्हणाल्या. मालकांनी त्यांना दारातूनच वाटेला लावले. मग माझ्या काचेवर बोटाचा डाग दिसला म्हणून नोकरावर खेकसले.

थू! मित्रांनो, मला जपू नका. माझी काच राहू द्या तशीच मळकी. आधी त्या म्हातारीच्या दारातला कचरा उचला.