योकुबासच्या कोटातला बुधला

मित्रांनो, मी ओकच्या लाकडाचा एक जुना बुधला आहे आणि माझ्या पोटात मेलेली माणसं श्वास घेतात. निदान बिर्झाईकडच्या आमच्या गावात तसं मानतात. एरवी मी दोन फळ्यांमधून गळतो.

योकुबासने माझ्यात जन्मभर बिअर केली. लग्नांची, बाप्तिस्म्यांची, मयतांची. तो मला उकळत्या पाण्याने घासायचा. मग जवाच्या कोमट, गोड काढ्यात विरजण ओतायचा आणि तोंड आत घालून जिवाच्या आकांताने ओरडायचा. न ओरडता केलेली बिअर मुकी राहते, फसफसतच नाही, असं आमच्याकडे समजतात. कौतुक सगळं योकुबासचं व्हायचं.

गेल्या शरदात तो वारला. मग वर्षभर माझ्यात कांदे होते.

वर्षश्राद्धाच्या जेवणाला घरचीच बिअर हवी. विरजणाची एकच बरणी विहिरीत लटकत होती. ती वाया गेली की योकुबासची बिअरही त्याच्यामागे जाणार. करायला उभा राहिला जावई विगान्तास. व्हिल्न्यूस शहरातला, पुस्तक वाचून आलेला. काढा गार करायचा, एवढं त्याच्या लक्षात होतं. त्याने तो अंगणातल्या वाऱ्यात पार थंडगार केला आणि मग विरजण ओतलं.

"ओरडा, जावईबापू," सासू दोमित्सेले म्हणाली.

"आई, शेजारी ऐकतील."

"मग? त्यांना काय चोरून पाजायचीय?"

विगान्तासने माझ्यात वाकून हळूच "अहो" म्हटलं.

दुसऱ्या दिवशीही बुडबुडा नाही. तो सारखं झाकण उचलून बघायचा. आत काळं, निश्चल पाणी आणि त्यात त्याचाच चेहरा. शेवटी दोमित्सेलेने नवऱ्याचा मेंढीच्या कातड्याचा कोट आणला, माझ्याभोवती गुंडाळून बटणं लावली आणि झाकणावर त्याची टोपी ठेवली.

"आता तुझं तूच बघ," ती म्हणाली. मला की योकुबासला, कळलं नाही.

संध्याकाळी माझ्या पोटात आतून कुणी नख ओढावं तसं झालं. मग श्वास सुरू झाला. ओला, संथ, योकुबासचा शेवटच्या महिन्यात होता तसा. झाकण उचललं जाई, टोपी मान डोलावी तशी डुले.

विगान्तास सरपण न्यायला आला. कोपऱ्यात सासरे पाठमोरे बसून धापा टाकत होते.

तो असा ओरडला की नदीपलीकडच्या ल्युद्विकासने गाईची धार काढणं सोडून हाळी दिली, "झाली का सुरू बिअर?"

"झाली!" दोमित्सेले दारातून म्हणाली आणि जावयाकडे वळली. "उशिरा का होईना, ओरडलात."

तिने पुढच्या विरजणासाठी वरचा फेस बरणीत काढला आणि बरणी पुन्हा विहिरीत सोडली. जेवणाच्या दिवशी पहिला घोट योकुबासच्या नावाने जमिनीवर सांडला. ल्युद्विकास दुसरा पेला पुढे करत म्हणाला, "म्हातारा स्वतः येऊन गेला."

मित्रांनो, मोठे व्हाल, बिअर कराल, तेव्हा भांडं कढत पाण्याने घासा, काढा कोमट ठेवा, झाकण सारखं उचलू नका. आणि म्हाताऱ्या बुधल्याला अडगळ समजू नका. योकुबास आला होता का, मला माहीत नाही. काढा थंड पडला होता आणि कोट उबदार होता.

बिअरला कांद्याचा वास येत होता.